धाकटी पहिलीत

मुकादमानं बांधावरच्या झाडाला लटकवलेल्या तिन्ही झोळ्या सोडायला लावल्या, त्या दिवशी थोरलीची शाळा बंद झाली.

मुकादमाची त्यात फार चूक होती असंही नाही. पावसाळ्याचे दोन महिने कोरडे गेले होते. शेतं तशीच पडून होती. तळं आटून तळाशी भेगाळलेला गाळ उघडा पडला होता, आणि पाणी यायच्या आत तो उपसायचं काम निघालं होतं. सगळं गाव त्या कामावर लोटलं होतं. पुरुष कुदळीनं खणायचे, फावड्यानं पाट्या भरायचे. बायका रांग धरून भरली पाटी हातोहात बांधावर पोचवायच्या. बांधावर ट्रॅक्टर उभे. त्यातला एक मागे घेताना झाडाला घासला, फांदी कडाडली आणि एक झोळी आतल्या लेकरासकट खाली आली. लेकराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"उद्यापासून कामावर तान्हं पोर दिसलं, तर पोरासकट आईला घरी धाडीन," तो म्हणाला.

थोरलीच्या आईनं झोळी सोडली, घडी करून काखेत मारली आणि धाकटीला कडेवर घेऊन घरी आली. घरात माणसं चार. आई, बाबा, साडेसहा वर्षांची थोरली आणि आठ महिन्यांची धाकटी. आई-बाबा दोघंही गाळावर. मग मागे उरलं कोण?

"थोरले," चूल पेटवता पेटवता आई म्हणाली, "उद्यापासून धाकटीला तू सांभाळ. काम संपलं की जा परत शाळेत."

"कधी संपणार?"

"गाळ संपला की."

"गाळ किती आहे?"

आईनं फुंकणी खाली ठेवली. दिवसभर पाट्या उचलून दुखणारे खांदे तिनं चोळले. "आहे पुष्कळ," ती म्हणाली.

पहिलीत थोरलीला दोनच महिने झाले होते. आत्ता कुठे 'न' आणि 'म' वेगवेगळे दिसायला लागले होते. तिनं लिहायची पाटी कोनाड्यात ठेवली, आणि वर फडकं टाकलं, धूळ बसू नये म्हणून.

धाकटीला सांभाळणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. कडेवर घेतली की थोरलीची कंबर एका बाजूला वाकायची. खाली ठेवली की धाकटी भोकाड पसरायची. मातीत बसवली तर माती खायची, चटईवर बसवली तर चटई. पहिल्या दिवशी थोरलीनं तिला शाळा शाळा खेळून दाखवली. धाकटीनं खडू चघळला. दुसऱ्या दिवशी दोघीही रडल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात सायकलची घंटी वाजली.

शाळेतल्या बाई होत्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं असं की गाडी उताराला लागावी. आई नुकतीच कामावरून आली होती. गुडघ्यापर्यंत गाळ वाळून तिच्या पायांना पांढुरक्या भेगा पडल्या होत्या. ती घाईघाईनं पाय झाकायला लागली.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "मी काही पाय बघायला आले नाही. पोरगी कुठे माझी? हजेरीत हिचं नाव आलं की सगळा वर्ग दाराकडे मान वळवून बसतो. मला पुढचं नाव घेता येत नाही."

"बाई, ही शाळेत गेली तर हिला कुठे ठेवू?" आईनं धाकटीकडे बोट केलं.

"शाळेत."

"रडली तर?"

"अठरा पोरं आहेत माझ्या वर्गात. रोज कुणी ना कुणी रडतंच. ही एकोणिसावी."

"घाण केली म्हणजे?"

"पाणी आहे, फडकं आहे."

"आणि साहेब तपासणीला आले तर?"

"आले तर त्यांच्याच मांडीवर देईन. बघू दे त्यांनाही जरा."

आईनं तोंडाला पदर लावला. हसू आवरत नव्हतं. बाबा ओट्यावर पायाला तेल चोळत बसले होते, ते तिथूनच म्हणाले, "जाऊ दे गं. घरी तरी दोघी काय करतात? दोघींची नाकं वाहतात."

*

धाकटी पहिलीत गेली.

सकाळी आई एका छोट्या डब्यात तिच्यासाठी मऊ भात कालवून द्यायची. थोरली एका कडेवर धाकटी, दुसऱ्या खांद्याला दप्तर आणि हातात डबा घेऊन निघायची. वाटेत तीनदा टेकायची. एकदा देवळाच्या पायरीवर, एकदा सुताराच्या ओंडक्यावर, एकदा शाळेच्या फाटकाशी. वर्गात बाईंनी खिडकीखाली चटई घालून ठेवली होती. थोरलीची जागा तिच्या शेजारी.

पहिल्या दिवशी कुणाचंच अभ्यासात लक्ष नव्हतं. अठरा माना चटईकडे. 'टोपी' म्हणून एक पोरगा होता, झोपेतसुद्धा टोपी काढायचा नाही, तो तर तिच्यासमोर उलटाच बसला. बाईंनी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, मग फळ्याकडे पाठ करून त्याही बघत बसल्या. धाकटी मान वर करून म्हणाली, "बा."

"बाई, ती 'बा' म्हणाली!"

"काय म्हणाली?"

"बा!" अठरा जणांनी सांगितलं.

बाईंनी फळ्यावर हे एवढं मोठं 'बा' काढलं. "आता ऐका पुढे काय म्हणते. शांत बसलं तरच बोलेल हं."

वर्गात असा सन्नाटा पडला की बाहेरच्या नळाची थेंबगळती ऐकू आली. धाकटीला तो सन्नाटा आवडला. "बा बा," ती म्हणाली. मग थुंकीचा फुगा केला आणि म्हणाली, "दा."

"दा!"

फळ्यावर 'दा' आलं. शेवटची घंटा होईपर्यंत 'मा' सुद्धा आलं. मग बाईंनी एकेकाला बोलावून ती अक्षरं जुळवायला लावली. टोपीनं 'बाबा' वाचलं. सुताराच्या मुलीनं 'मामा' वाचलं. थोरलीनं 'दादा' वाचलं आणि मग स्वतःच्या मनानं खडू घेऊन त्याखाली 'दामा' लिहिलं.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," थोरली म्हणाली. "पण वाचता येतं."

त्या संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, "आज धाकटीनं वर्गाला शिकवलं." बाबा म्हणाले, "मग पगार कुठाय?" आणि धाकटीला उचलून हवेत उडवली.

*

दोन आठवड्यांनी बाईंनी 'जड-हलकं' काढलं. दोन हातांत दोन वस्तू घ्यायच्या आणि कोणती जड ते सांगायचं. पाटी जड की डस्टर? वीट जड की दप्तर? पोरं डोळे मिटून दोन्ही हात पसरून उभी राहायची आणि नुसता आरडाओरडा चालायचा. त्यात टोपीनं विचारलं, "धाकटी किती जड?"

"खूप," थोरली म्हणाली. तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"खूप म्हणजे किती?" बाई म्हणाल्या. "मोजूया?"

वर्गात एक किराणा दुकानदाराची मुलगी होती. तिला सगळे 'दुकानवाली' म्हणत. तराजूचा विषय निघाल्यावर तिचा भाव एकदम वधारला. दांडी सरळ हवी, दोर बरोबर मध्ये हवा, दोन्ही बाजू रिकाम्या असताना काटा इकडेतिकडे झुकता कामा नये. ती कमरेवर हात ठेवून सांगत गेली आणि बाई निमूटपणे करत गेल्या. सुतारानं रंधा मारलेली लांब दांडी दिली. ती छताच्या वाशाला दोरानं टांगली. एका टोकाला धाकटीची झोळी बांधली, जमिनीपासून वीतभरच वर, खाली दोन गाद्या. दुसऱ्या टोकाला टोपली. दुकानातून एकाच मापाचे रिकामे डबे आणले. पोरांनी त्यात वाळू भरली, वरून पट्टी फिरवून सपाट केली, झाकणं ठोकून बसवली. ओली वाळू कोरडीपेक्षा जड असते, हे तेवढ्यात एका भांडणातून सगळ्यांना कळलं.

शनिवारी धाकटीला झोळीत निजवली. थोरलीनं एका बाजूनं हात धरला, बाईंनी दुसऱ्या बाजूनं. दुकानवाली एकेक डबा टोपलीत ठेवायची आणि वर्ग मोजायचा. नऊ. दहा. दहा झाल्यावर बाईंनी फळ्यावर एक लांब रेघ मारली आणि तिला 'दशक' म्हणाल्या. अकरा, बारा, तेरा. झोळी हलली. चौदावा डबा ठेवला आणि धाकटी सावकाश वर उचलली गेली. दांडी आडवी झाली. धाकटी खिदळली.

"दहा आणि चार?"

"चौदा!"

भिंतीवर कागद लावला होता. त्यावर चौदा चौकटी एकावर एक काढून रंगवल्या. चौकटी रंगवायचा मान थोरलीला. रंग बाहेर जाऊ नये म्हणून ती जीभ बाहेर काढून रंगवत होती. माझी बहीण चौदा डबे, ती मनात म्हणत होती. दर शनिवारी असं मोजायचं ठरलं.

पुढच्या शनिवारीही चौदाच भरले. त्याच्या पुढच्या शनिवारीही चौदा, तेही ओढूनताणून. त्याच्या पुढच्या शनिवारी तेरा डबे ठेवले आणि झोळी वर उचलली गेली.

"चुकलं," दुकानवाली ताबडतोब म्हणाली. "टोपीनं डबे दाबून भरलेत."

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग कुणी भरले?"

"मोजून बघू," बाई म्हणाल्या.

तेराच्या तेरा डबे उघडले. पुन्हा पट्टी फिरवली, झाकणं बसवली, दांडीचा दोर मध्ये आहे की नाही ते पाहिलं. धाकटी या सगळ्या खटाटोपाला कंटाळून किरकिरायला लागली. पुन्हा तोललं. तेरा.

बाईंनी चष्मा लावला आणि धाकटीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"आज तेरा चौकटी रंगव," त्या थोरलीला म्हणाल्या.

"चौदा करू? पुढच्या वेळी होतील ना."

"नाही बाळा. जेवढं भरलं तेवढंच लिहायचं."

थोरलीनं तेरा रंगवल्या. शेजारच्या रांगेपेक्षा ही रांग बुटकी दिसत होती. तिला तिकडे बघवेना. बाकी सगळा वर्ग कोडं सोडवत होता, पण तिला कारण ठाऊक होतं. तो डबा. धाकटी मऊ भात तोंडात घ्यायची आणि जिभेनं बाहेर ढकलायची. दुपारपर्यंत भात थंड होऊन घट्ट व्हायचा. मग तर ती तोंडही उघडायची नाही. आणि घरी गेलं की आई पहिलं विचारायची, "भात संपला का गं?" पहिल्या दिवशी तो तसाच परत नेला, तर आई दमलेल्या आवाजात म्हणाली होती, "एवढंही जमत नाही का तुला?" त्यानंतर तो रोज संपत होता. शाळा सुटायच्या आधी नळामागे बसून थोरलीच तो खायची. स्वतःचा डबा पहिल्या सुट्टीतच फस्त झालेला असायचा आणि धाकटीला उचलून उचलून पोटात पुन्हा कावळे ओरडायला लागायचे. भात गोड लागायचा. घरी गेल्यावर ती म्हणायची, "संपला."

*

शाळा सुटल्यावर बाईंनी सायकल काढली नाही. धाकटीला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "चल, आईकडे जाऊ."

तळ्यावर उन्हाचा नुसता तवा तापला होता. खाली पन्नास-साठ बायकांची रांग, आणि रांगेतून पाट्या सरकत होत्या. आई वरून चौथी. तिच्या खालची बाई सगळ्यांत दणकट. तिला 'पैलवान मावशी' म्हणत. बाईंनी वरून हाक मारली. आईनं वर पाहिलं, कडेवर धाकटी दिसली आणि तिच्या हातातली पाटी सुटली. गाळ पायावर सांडला. ती धावतच वर आली.

"काय झालं? पडली? ताप आला?"

"काही नाही, काही नाही. खेळतेय बघा. थोडं बोलायचं होतं."

रांग थांबली होती. सगळ्यांचे कान इकडे. मुकादम छत्री घेऊन आला. बाई हळूच बोलायला गेल्या, पण त्यांचा हळू आवाजही वर्गाच्या शेवटच्या भिंतीला पोचायच्या सवयीचा. महिनाभर वजन वाढलं नाही, उलट एक डबा कमी भरलं, हे सगळ्या बांधानं ऐकलं.

आईचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही माझ्या लेकराला तराजूत घातलंत? वांगी-बटाटे आहेत का?"

"अहो, खेळातच…"

"आणि इथे चारचौघांत सांगायला आलात? मी काय उपाशी मारते तिला? रोज सकाळी भात कालवून देते. रोज संपतो. विचारा हिला!"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

आईनं धाकटीला हिसकावून घेतलं. हातांचा गाळ धाकटीच्या झबल्यावर उमटला. आईच्या अंगाचा वास येताच धाकटी मान खुपसून धडपडायला लागली. आई तशीच पाठ फिरवून बांधावर बसली आणि तिला पदराखाली घेतलं. मग तिचा आवाज एकदम उतरला.

"दूध तर आहे हो बाई," ती पाठमोरीच म्हणाली. "दुपार झाली की चोळी भिजते. पाट्या उचलताना ठणका लागतो. वाया जातं सगळं. पण सकाळी पाजते ते थेट संध्याकाळी."

बाई तिच्या शेजारी मातीतच बसल्या. "मला कुठे सांगायचं एवढी अक्कल हवी होती," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि आजही घरी यायला हवं होतं."

पदराखालून धाकटीचे घोट ऐकू येत होते. मुकादमानं छत्री दुसऱ्या हातात घेतली, खाकरला आणि रांगेवर जाऊन उगाचच ओरडला.

*

दिवेलागणीला आई भांडी घासत होती. थोरली तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"भात मी खाते."

आईचा हात थांबला.

"ती थुंकते. थंड झाला की तोंडच उघडत नाही. परत आणला की तू… म्हणून मी खाते. मग संपतो." एवढं बोलून तिला जे रडू फुटलं ते थांबेना.

बाबा ओट्यावरून उठून आत आले. आईनं त्यांना हातानंच थांबवलं. भांडी घासायची राख तिच्या हातांना तशीच होती; तिनं मनगटानं थोरलीचे डोळे पुसले तर कपाळावर राखेचा पट्टा उठला.

"रोज खातेस?"

"रोज."

"आणि तुझा डबा?"

"तोही."

बाबांना हसू आलं. ते लपवायला ते खोकले. आईनं त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण तिच्या स्वतःच्या ओठाचा कोपराही हलला.

"ऐक," ती म्हणाली. "यापुढे तिनं थुंकला तर थुंकलेला तसाच आण. अर्धा राहिला तर अर्धा आण. मी रागावणार नाही. मी दमलेली असते, म्हणून तसं बोलते. समजलं?"

थोरलीनं मान हलवली.

"आणि तुला भूक लागली तर मला सांगायचं. नळामागे बसून खायचं नाही, चोरासारखं."

"नळामागे हे तुला कसं कळलं?"

"शाळेत मीही होते की तिसरीपर्यंत," आई म्हणाली, आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

*

पुढे जे झालं, ते थोरलीला पैलवान मावशीनं सांगितलं. आणि मावशी सांगताना जरा तिखटमीठ लावायची, हेही खरं.

सोमवारी सकाळी आई मुकादमासमोर उभी राहिली. दुपारी थोडा वेळ शाळेत जाऊन येऊ द्या, म्हणाली. जाता-येता धरून पाऊण तास. मुकादम म्हणाला, माझी ना नाही, पण रांग तुटते. मध्येच एक माणूस गेलं की पाटी कुठे ठेवायची, डोक्यावर? आज तुला सोडली की उद्या दहा जणी उभ्या राहतील.

"तेव्हा मी कंबरेला पदर खोचला," मावशी म्हणाली, "आणि म्हटलं, सरका गं! सगळ्या अर्धं अर्धं पाऊल सरकल्या. तुझ्या आईची जागा कुठे होती, तीच दिसेना. म्हटलं, मुकादम, आता दाखवा कुठे तुटलीय ती! बघतो तर पाटी चालली आपली हातोहात. मुकादम काय बोलणार? म्हणाला, पाऊण तास म्हणजे पाऊणच. म्हटलं, घड्याळ तुमच्याच हाताला आहे."

त्या दिवशी दुपारी वर्गाच्या दारात आई दिसली, तेव्हा थोरली गोट्यांचे दहा-दहाचे ढीग करत होती. आईनं नळावर पाय धुतले होते, तरी गाळ पुरता निघाला नव्हता. ती उंबऱ्यातच बसायला लागली.

"आत या, आत," बाई म्हणाल्या.

"फरशी खराब होईल."

"होऊ द्या."

आई चटईपर्यंत चालत आली. मागे फरशीवर ओल्या मातीची पावलं उमटली. तिनं वळून पाहिलं, आणि ती पदरानंच पुसायला वाकली. तेवढ्यात टोपी रांगत आला.

"पुसू नका! मोजायचीत. एक, दोन, तीन… सात पावलं!"

"बोटं किती?" बाईंनी विचारलं.

सगळा वर्ग फरशीवर आडवा झाला. पाच-पाच करत गाडी पस्तिसावर आली. सातव्या पावलाचं एक बोट नीट उमटलं नव्हतं; ते धरायचं की नाही यावर जे भांडण पेटलं, ते आई धाकटीला पाजून उठली तरी विझलं नव्हतं. जाता जाता आईनं ते पाऊल त्याच जागी पुन्हा एकदा नीट दाबून दिलं.

मग ती रोज यायला लागली. भिंतीला टेकून, पाय पसरून, धाकटीला पदराखाली घेऊन वर्गाकडे बघत बसायची. धाकटी पोटभर प्यायली की आई भात पुन्हा गरम पाण्यात मऊ करायची आणि बोटानं चाटवायची. धाकटी निम्मा गिळायची, निम्मा आईच्या हातावर ठेवायची. उरलेला तसाच डब्यात परत जायचा.

एक दिवस तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून गाळाचा मोठा गोळा आणला. "खालच्या थरातला आहे," ती बाईंना म्हणाली. "लोण्यासारखा. एक खडा नाही. पोरांना अक्षरं करायला…" आणि पुढे बोलायला लाजली.

त्या दिवशी वर्गात गाळाची अक्षरं झाली. हातावर लांब वळी वळायची आणि पाटीवर वाकवून 'न' करायचा, 'म' करायचा, 'ग' करायचा. थोरलीचा 'म' सारखा मोडत होता. आईनं धाकटीला मांडीवर सरकवलं, एक हात मोकळा केला आणि वळी कशी दाबायची ते दाखवलं. "गाठ आधी घट्ट बसव. मग दांडा."

"तुम्हाला येतं की चांगलं," बाई म्हणाल्या.

"तिसरीपर्यंत होते ना. मग धाकटा भाऊ झाला. त्याला सांभाळायला घरी बसले." आई सहज म्हणाली. मातीचा 'म' हातात धरून तिनं तो वर-खाली पाहिला आणि अलगद थोरलीच्या पाटीवर ठेवला. बाईंनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

त्याच आठवड्यात नर्सबाई आल्या. बाईंनीच निरोप धाडला होता. त्यांनी धाकटीचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबलं, आपल्या काट्याला तिला लटकवलं आणि म्हणाल्या, "साडेसहा किलोच्या जरा आत. आजार काही नाही. दुपारचं अंगावरचं दूध चालू ठेवा, भात ताजा कालवा, त्यात तेल घाला चमचाभर. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. कुणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या!" अठरा हात वर गेले.

नर्सबाईंना वाटलं पोरं थट्टा करतायत. दुकानवालीनं त्यांचा हात धरला आणि भिंतीवरच्या कागदासमोर नेऊन उभं केलं. चौदा, चौदा, चौदा, तेरा. तिनं दोन डबे नर्सबाईंच्या काट्यालाही लटकवून दाखवले. जवळजवळ एक किलो भरले. नर्सबाईंनी खिशातलं पेन काढून त्या चौकटी जशाच्या तशा आपल्या वहीत उतरवून घेतल्या.

पुढच्या शनिवारी तेराच भरले, पण झोळी वर यायला फार कुरकुरली. त्याच्या पुढच्या शनिवारी चौदा. मग असा एक शनिवार आला की चौदावा डबा ठेवला तरी झोळी गादीला चिकटूनच होती. वर्गानं श्वास रोखला. त्या दिवशी आईही लवकर आली होती. दुकानवालीनं पंधरावा डबा दोन्ही हातांनी, काच ठेवावी तसा टोपलीत ठेवला. दांडी करकरली. धाकटी वर आली.

जो काही गलका झाला, त्यात शेजारचा दुसरीचा वर्ग दाराशी जमा झाला. बाई टाळ्या वाजवत होत्या. आईनं तोंडावर हात ठेवला होता. आणि त्या सगळ्या गोंधळात झोळीतून एक धार लागली आणि गादीवर पसरली.

"पुन्हा तोला!" दुकानवाली ओरडली. "हलकी झाली असेल!"

आई इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

*

काही दिवसांनी तळ्यात कुदळ ठणठणली. मुरूम लागला होता. गाळ संपला. मुकादमानं काम बंद झाल्याचं सांगितलं आणि जाता जाता पैलवान मावशीला रामराम केला. आई घरी राहायला लागली, आणि धाकटी आईपाशी.

त्या सोमवारी थोरली शाळेत निघाली, तर काहीतरी विसरल्यासारखं वाटून ती दोनदा मागे वळली. देवळाच्या पायरीवर सवयीनं टेकली आणि मग लक्षात आलं की टेकायचं कारणच नाही. उरलेली वाट ती पळत गेली.

वर्गात चटई गुंडाळून ठेवलेली होती. सगळ्यांनी तिच्या रिकाम्या कमरेकडे पाहिलं.

"धाकटी कुठाय?" टोपीनं विचारलं.

"घरी. आई आहे आता."

"उद्या येईल?"

"नाही."

टोपीचं तोंड एवढंसं झालं. दुकानवालीनं डब्यांकडे पाहिलं. "बाई, मग ती परत कधी येणार?"

"येईल की," बाई म्हणाल्या. "पहिलीत यायचं वय झालं की येईल. अजून पाच वर्षांनी."

पाच वर्षं! पोरांनी हाताची बोटं उघडली आणि एकेक वर्ष मोजायला घेतलं. थोरलीनंही मोजलं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. बोटं संपली तिथे ती स्वतः सहावीत होती, आणि तिथे आपण कशा दिसू, हे डोळ्यांसमोर आणायचा तिनं प्रयत्न केला. उंच, बहुधा. वेण्या लांब.

"तू सहावीत," दुकानवाली म्हणाली. तिचंही तेवढंच आलं होतं. "मग सहावीत असताना तुला तिला उचलून आणायला लागणार? तेव्हा तर ती चाळीस डबे होईल!"

थोरली हसली. एवढी मोठी धाकटी कडेवर घेतलेली तिला दिसली, पाय पार जमिनीला लागलेले.

"उचलायची कशाला?" ती म्हणाली, आणि पाटी मांडीवर घेतली. "ती चालत येईल."